उरलेल्या गोळ्या

टेमघर, भिवंडी
९ सप्टेंबर २०२५

कमळाआत्ये,

इथूनच पाया पडतो. आशीर्वाद उद्याच्या मोगऱ्यासोबत पाठव, केसरीनाथकाका टोपलीत फुलं घालून येतातच गणेशपुरीहून इथल्या बाजारात. जाताना टोपली रिकामी असते म्हणून माझा कागद फुकटात पोचतो. तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी "बरं, ठेवतो" म्हणून मोकळा होतो. कागदावर अर्धं पान कोरं दिसलं की माझी मलाच लाज वाटते.

आधी कामाचं. गोदाम सोडलं. ओरडू नकोस, उंदरांच्या लेंड्यांत झोपून बघ एकदा. आता मी ताईसोबतच आहे, नसीबाखालाच्या भिशीत. भिशी म्हणजे तुम्ही बाया पैसे लावता ती नव्हे. कापडाच्या लूमवरची माणसं महिन्याच्या बोलीवर जेवतात त्या खानावळीला इथं भिशी म्हणतात. तुझी क्षितिजा तिथं चपात्या लाटते आणि मी डबे पोचवतो, ज्यांना शिफ्ट सोडून येता येत नाही त्यांना. लूमच्या आत इतका खडखडाट असतो की सगळी माणसं खुणांनीच बोलतात. डाळ म्हणजे बोटं ओघळवायची. परवा एकानं नाक मुरडून डोळे फिरवले. मला वाटलं भाजी नासली. तर तो म्हणे मालक आलाय असं सांगत होता.

हां, ताईचं राहिलं. मागे तिला ताप आला होता. गल्लीतले डॉक्टर म्हणाले टायफॉइड, आणि चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच दिवसांत ताप पळाला. ताईनं लगेच राहिलेल्या गोळ्या बाजूला काढल्या. दीपेशदाजी म्हणाले, "अगं, संपव की." तर म्हणाली, "बरं वाटल्यावर गोळी खायची म्हणजे पोट भरल्यावर जेवायचं." हे वाक्य कुणाचं ते तुला ठाऊक आहे.

तर उरलेल्या गोळ्या या कागदात गुंडाळून पाठवल्या आहेत, तुझ्या डब्यासाठी. लॉजच्या खोल्या झाडताना पाहुण्यांनी विसरलेल्या गोळ्या तू जमवतेस आणि त्यावर अर्ध्या गणेशपुरीचा दवाखाना चालतो. घे, भिवंडीचाही हातभार.

तुझा
प्रितेश


गणेशपुरी
१४ सप्टेंबर

प्रित्या,

चिरंजीव म्हननार न्हाय. एक काम दिवाळीपोत्तर टिकव, मंग म्हनेन.

गोळ्या पोचल्या. डोळ्यांत पानी आलं बघ. पोर शहरात गेली तरी वाया घालवायला शिकली न्हाय. तिला सांग, तिच्या गोळ्या लगेच कामी आल्या. शेजारच्या ठमाबाईच्या पोराला, महादूला, ताप नि जुलाब, भातात बेननी करायला मानूस न्हाय, ठमाबाई रडत आली. मी क्षितूच्या तीन गोळ्या दिल्या. महादू दोन दिसांत बांधावर उभा. ठमाबाई नारळ घेऊन आली, मी घेतला न्हाय. म्हटलं, माझ्या पोरीचं पुन्य हाय, माझं न्हाय. मंग घेतला.

डबा आता भरत आला. मी रंगानं लावलाय. पांढऱ्या तापाच्या, पिवळ्या पोटाच्या, तांबड्या ताकदीच्या. इंग्रजी नाव मला वाचता येत न्हाय, पन पाहुने येतात ते मुंबईचे, परदेशचे. त्यांच्या गोळ्या खोट्या कशा असतील? गरम पान्याच्या कुंडावर आंघोळ करून बरं वाटतं नि पाकीट तसंच उशीखाली ठेवून जातात. लॉजवाला म्हनतो, कचऱ्यात टाक. मी म्हटलं, दवा कचऱ्यात टाकनाराचं कधी भलं झालंय का?

मी डबा उघडला की बाया पदर सावरून बसतात. माझ्या घरवाल्यानं जल्मात मला कधी विचारलं न्हाय, कमळे तुला काय वाटतं. आता सरपंचाची सून विचारते.

त्या खालाला माझा नमस्कार. क्षितूला चपाती पातळ लाटायला सांग, तिचा हात माझ्यासारखा जड हाय.

तुझी आत्या
कमळा


भिवंडी
२४ सप्टेंबर

आत्ये,

तुझं पत्र आलं तेव्हा मी डबे घेऊन निघालो होतो. वाचत वाचत चाललो आणि भलत्याच गल्लीत शिरलो. तिथं एक माणूस लूमच्या मोडक्या धोट्यांना रंग देऊन दिवाळीचे दिवे करत होता. बसलो तिथंच. धोटा म्हणजे तो लाकडी तुकडा, सूत घेऊन इकडून तिकडं पळतो ना, तो. डबे थंड झाले, इक्बालभाईंनी शिव्या घातल्या. ते लूमचे मास्तर, भिशीत जुने जेवणारे. म्हणाले, "तेरे को डिब्बा दिया है कि बारात?"

ताई बरी आहे. म्हणजे तशी बरीच. जरा अन्न नकोसं झालंय. सकाळी मळमळतं, पीठ मळताना तोंड फिरवते. दुपारी भिंतीला टेकून बसते आणि कुणी हाक मारली की एकदम दचकते. दाजी तिला पाण्याची कळशी उचलू देत नाहीत. तू काळजी करू नकोस, हं. काल नसीबाखाला तिचा हात धरून म्हणाली, "उठ गो बाय, तव्याची गरज काय, तुझ्या हातावरच चपाती भाजेल." सगळे हसले. ताईपण हसली.

उलटीवर डब्यात काही असेल तर पाठव, असं ताई म्हणते. गल्लीतल्या डॉक्टरकडे परत जायचं नाही म्हणते. ते विचारतील, दिलेल्या गोळ्यांचं काय केलंस.

इथं नवरात्राचे मंडप उभे राहिलेत. रात्री गरबा, आणि लूम त्याच्याही वर. मला वाटतं या गावात देवीलाही खुणांनीच बोलावं लागत असेल.

प्रितेश


गणेशपुरी
२७ सप्टेंबर

प्रित्या, माझ्या वासरा,

तू लिवलं न्हाईस, पन मी वाचलं. अन्न नको, सकाळी मळमळ, पिठाचा वास सोसत न्हाय, जावई कळशी उचलू देत न्हाय. मी काय आज जल्मले का?

सहा वर्सं मी वाट बघितली. आता तू मला उत्तरात त्यावर एक अक्षर लिवू नको. तीन म्हयने होईतोवर तोंडातून काढू न्हाय, दिष्ट लागते. मी पन विचारनार न्हाय. इथं मी कोनाला बोलले न्हाय. ठमाबाईला बोलले, पन ती म्हंजे मीच. वज्रेश्वरीच्या आईला साडी बोललेय.

कोकमाची सोलं पाठवते, जिभेवर ठेवायची. सोबत पिवळ्या गोळ्यांचं अख्खं पाकीट हाय. एक गोरी बाई कुंडावर आली व्हती, तिच्या खोलीत मिळालं, एकबी गोळी फोडली नव्हती. असं पाकीट मी कोनाला देत न्हाय, ठेवून दिलं व्हतं. क्षितूला सांग, सकाळी उपाशीपोटी एक. आईनं दिलीय म्हनावं.

आनि तू तिच्यापाशीच रहा. आता कुठं पळू नको.

तुझी आत्या


भिवंडी
१० ऑक्टोबर

आत्ये,

बसून वाच.

ताईला दिवस गेलेले नाहीत. हे आधी लिहितो, कारण बाकीचं लिहून झाल्यावर हे लिहायची हिंमत राहणार नाही. तिला तोच ताप आहे, टायफॉइडचा. उलटून आला. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही अंगात ताप होता आणि ताईनं मला शपथ घातली होती, आईला कळवायचं नाही, ती लॉजचं काम टाकून येईल. मग तुझी कोकमं आली. मी पत्र वाचून दाखवलं. ताई आधी हसली, मग तोंडावर ओढणी घेऊन रडली. म्हणाली, "राहू दे रे. आठ दिवस तरी आजी होऊ दे तिला." म्हणून गप्प बसलो.

तुझ्या पिवळ्या गोळ्या तिनं रोज घेतल्या. एक दिवस ताप उतरल्यासारखा वाटला. दसऱ्याच्या दिवशी ती पिठाच्या परातीवरच कोसळली. दाजींनी टेम्पोत घालून हॉस्पिटलात आणलं. तेव्हापासून आम्ही इथंच आहोत. मी हे वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय.

इथं अलिजा म्हणून डॉक्टर आहेत, ताईच्याच वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी रक्त घेतलं. त्या रक्तातला जंतू वाढवून बघतात, कुठल्या औषधानं मरतो ते. विचारलं, "आज काही औषध घेतलंय?" ताई म्हणाली नाही. ती खोटं बोलली नाही, आत्ये. तिच्या हिशेबी औषध डॉक्टर देतात. तू देतेस ती आईची गोळी. तीन दिवसांनी उत्तर आलं, जंतू सापडला नाही. ताप तर चढतोच आहे. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"खरं सांग. आधी कुणी गोळ्या दिल्या होत्या?"

"गल्लीतल्या डॉक्टरांनी. पाच दिवस घेतल्या."

"बाकीच्या कुठायत?"

"गणेशपुरीला."

"गणेशपुरीला कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. डब्यात आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, डबा, रंग, गोरी बाई, महादू. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. त्या म्हणाल्या, "माझ्या अम्मीकडेही आहे डबा. मिठाईचा." पिवळी गोळी बंद करायला लावली, पुन्हा रक्त घेतलं, आणि या वेळी जंतू सापडला. नेहमीच्या औषधांपैकी एकही त्याला लागू पडत नाही.

मी म्हणालो, गोदामात असंच व्हायचं, उंदरांना थोडं थोडं विष घातलं की उंदीर हुशार होतात. त्या म्हणाल्या, "जंतू हुशार होत नाही, त्याला डोकं नसतं. अर्धवट औषधानं कमजोर मरतात, दांडगे राहतात. मग पुढची सगळी पिलावळ दांडग्यांची." मी विचारलं, मग हा ताईच्या पोटात दांडगा झाला का? तर म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. बहुतेक आधीच दांडगा होऊन आला असेल, पाण्यातून नाहीतर कुणाच्या हातून. शहरात घरोघरी असे डबे आहेत, एकट्या तुझ्या आत्याचा नाही. पण पाच दिवसांवर थांबल्यामुळे आजार पुरता हटला नाही, आणि त्या पिवळ्या गोळीमुळे तपासणीत लपून बसला. तेवढा वेळ हातचा गेला.

आता एक वेगळं इंजेक्शन सुरू केलंय. हे लागू पडलं नाही तर पुढे फारसं काही शिल्लक नाही. आतड्याला भोक पडायची भीती आहे, म्हणून पोटाला हात लावून लावून बघतात. ताई शुद्धीत आहे. पण परवा मला दीपेश म्हणाली.

दोन गोष्टी कर. ताईजवळच्या पिवळ्या पाकिटाची नावाची बाजू फाटून गेलीय, तसलं दुसरं पाकीट असेल तर केसरीनाथकाकांकडे दे, डॉक्टरांना नाव बघायचंय. आणि डबा बंद कर. महादूचं काय झालं तेही बघ.

मी हे गोड करून लिहिणार होतो. दोन कागद फाडले.

प्रितेश


भिवंडी
१५ ऑक्टोबर

आत्ये,

तुझं काहीच आलं नाही. मी रोज सकाळी एसटी स्टँडवर जातो. केसरीनाथकाका म्हणतात, "कागद वाचला, डबा काखेत घेतला, आत गेली, दार लावलं. मी हाका मारल्या, पण तिला ऐकू कुठं येतंय?" रागावलीस का? रागाव, पण दोन ओळी लिही. शिव्या लिही.

इंजेक्शन चालू आहे. ताप हटत नाही, पण वर पण जात नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा. मला थांबता येत नाही हे तुला माहीत आहे. काल चालत चालत पार खाडीपर्यंत गेलो आणि तिथं चिखलात बगळे बघत बसलो. मग एकदम भीती वाटली की मी इथं बसलोय आणि तिकडं काही झालं तर. धावत आलो. ताई झोपली होती.

भिशीतले दोघे जण तापानं पडलेत. लोक बोलायला लागले. इक्बालभाई परवा ताट सरकवून म्हणाले, "क्षितिजाबहन के हाथ की खाई थी, और क्या!" नसीबाखाला कालथा घेऊन बाहेर आली. "दोन वरसां तिच्या हातची खाऊन ढेरी वाढवलास तेव्हा बहन, नि आज जहर? पानी कोण कुठलां पितो ते बघलास?" इक्बालभाईंनी ताट परत पुढ्यात ओढलं. पण रात्री भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरनीला इचार बाबा, क्षितिजापासून झालां का." मी कसं विचारू?

डॉक्टरांनी त्या दोघांनाही बोलावून घेतलंय. खाला आता पाणी उकळून देते.

लिही गं.

प्रितेश


गणेशपुरी
१८ ऑक्टोबर

प्रितेश,

तुझ्यावर रागवायला मी कोन?

कागद वाचला नि दोन दिस मी डबा समोर घेऊन बसले. वाटलं, पोरगं शहरात जाऊन शिकलं काय, तर आत्याला खुनी म्हनायला. मंग पांढऱ्या गोळ्या बघितल्या. क्षितूच्या. त्या तिच्या पोटात असायला हव्या व्हत्या. त्या माझ्याकडं चकचकीत पाकिटात बसल्या व्हत्या नि मी त्यांच्याकडं बघून खूश व्हत व्हते. तवा उठले.

महादूच्या घरी गेले. त्यो अंगनात गोधडी घेऊन बसलेला. ताप उलटलेला, त्यालाबी. म्हनाला, "आलीस आत्या? दे दोन." मी म्हटलं, आता न्हाय देनार, दवाखान्यात चल. त्यो म्हनाला, "पोरगी आजारी पडली तवा डॉक्टर आठवला, आमच्या टायमाला डबा." ठमाबाई पन बोलली. म्हनाली, नारळ घेतलास तवा बरी डॉक्टरीन व्हतीस. मी तिथंच त्यांच्या उंबऱ्यात बसले. कमी ऐकू येतं त्याचा हा एक फायदा, लोक बोलून बोलून दमतात. दुपारपोत्तर बसले. गुरं आली तरी उठले न्हाय, म्हस माझ्यावरून पाय टाकून गेली. शेवटी महादू उठला.

रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरला मी डबा दाखवला नि सांगितलं, ह्यातलं मी दिलं, ह्याला, नि आनखी कोनाकोनाला. नावं सांगितली. त्यानं महादूचं रक्त घेतलं. डबा नर्सबाईनं ठेवून घेतला. मी रिकाम्या हातानं घरी आले तर काख हलकी लागत व्हती.

आता माझ्या दारातल्या वटीवर कोन येत न्हाय. सरपंचाची सून रस्त्यात तोंडावर पदर घेते.

पिवळ्या गोळ्यांचं तसलंच दुसरं पाकीट नर्सबाईकडनं मागून घेतलं, केसरीनाथाकडं दिलंय. डॉक्टरनीला दे. क्षितूला सांगू नको मी काय काय केलं. तिला इतकंच सांग, की आईनं साडी परत न्हाय घेतली. ती साडी आता दुसऱ्या कामाला बोललेय.

कमळा


भिवंडी
३१ ऑक्टोबर

आत्ये,

ताईला घरी आणलं! हे मी निरोपानं आधीच कळवलंय, पण कागदावरही असू दे.

नरक चतुर्दशीच्या पहाटे ताप उतरला. मी उटण्याचा वास शोधत खाली गेलो होतो, म्हणजे चहा प्यायला, आणि वर आलो तर ताई उठून बसलेली. म्हणाली, "भूक लागली." दाजी भिंतीकडे तोंड करून रडले. अलिजा डॉक्टर ड्युटी संपवून निघाल्या होत्या, त्या परत फिरून आल्या, पोट दाबून बघितलं आणि माझ्या हातातला चहा पिऊन गेल्या. पिवळ्या पाकिटावरचं नाव बघून म्हणाल्या, या गोळीनं हा जंतू मरत नाही, नुसता थोडा वेळ दबतो. भिशीतले दोघेही बरे होताहेत. त्यांना वेळेवर बरोबर औषध मिळालं, कारण ताईच्या रक्तावरून आधीच कळलं होतं.

आता नवीन घोर. ताईला बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय. पण डॉक्टर म्हणतात, ताप गेला तरी तो जंतू पोटात गुपचूप राहू शकतो आणि हातून दुसऱ्याच्या जेवणात जाऊ शकतो. म्हणून काही काही दिवसांनी शौचाची तपासणी करायची, ती तीनदा साफ आली पाहिजे. तोवर ताईनं दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही.

दिवाळीला आणि उत्तरेकडच्या छठपूजेला गावी गेलेले कामगार सोमवारपासून परत येतील. नसीबाखालाला चपातीला बाई पाहिजे. ती काल आली होती. म्हणाली, "क्षितिजा, मी तुला काढत नाय गो. पन एवढ्या माणसांचा पीठ मी एकली नाय मळू शकत. दुसरी ठेवली नि ती बसली, तर तिला तरी मी कशी उठवू?" बरोबरच आहे तिचंही.

ती गेल्यावर ताई उठून केस बांधायला लागली. "मी जाते सोमवारी. हात साबणानं धुवीन. कुणाला कळणारे?" दाजी म्हणाले, मला कळेल. ताई म्हणाली, "दोन वर्षं उभं राहून मिळवलेली जागा आहे ती. मला बरं वाटतंय ना?" मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. खाली बसली. केस अर्धेच बांधलेले. म्हणाली, "प्रित्या, मी पहिल्यांदा पण हेच म्हणाले होते, ना?"

ती सोमवारी जाणार नाही. पण रात्रभर झोपलीही नाही. मी म्हणालो मी लाटतो. एक लाटून दाखवली. खाला म्हणाली, ह्या चपातीवर भिवंडीचे सगळे रस्ते दिसतात.

औषध अजून चालू आहे. संध्याकाळी मी आणि दाजी ताईकडे बघत बसतो, गिळेपर्यंत. चिडते.

महादू कसा आहे?

प्रितेश


गणेशपुरी
२ नोव्हेंबर

चिरंजीव प्रितेश,

महादूचा ताप गेला. बोलत न्हाय माझ्याशी, पन भात झोडताना मला बघून हात थांबवला. तेवढं पुरे. त्याच्या गोळ्या संपल्या का ते मी ठमाबाईला रोज कुंपनावरून विचारते. ती शिवी देते नि संपल्याचं पाकीट उलटं करून दाखवते.

आता माझं ऐक. लॉजवाल्याला सांगितलंय, माझी खोल्यांची कामं रंगूबाई बघेल. उद्या केसरीनाथाच्या सोबतीनं पहिल्या गाडीनं येते. खालाला सांग, क्षितूच्या जागी मी बसेन. माझा हात भाकरीचा हाय, चपाती जाड होईल, दोन दिस लोकांना बोलू दे. माझ्या कानाला शिव्या लागत न्हाईत. जागा राखायला येते, घ्यायला न्हाय. क्षितूच्या तिन्ही तपासन्या साफ आल्या की त्याच दिशी लाटनं तिच्या हातात देऊन उठेन.

क्षितूला हे आधी सांगू नको, नको म्हनेल. दारात उभी राह्यले की सांग.

पन स्टँडवरून मला भिशीत नेऊ नको. आधी त्या डॉक्टरनीकडं ने. डब्यातलं मी कोनापेक्षा कमी खाल्लं न्हाय, नि मलापन बरं वाटतंय. तिला म्हनावं, आधी हिला तपासा. ती साफ म्हनाली, तरच मी पिठाला हात लावेन.

तुझी आत्या
कमळा